दहा हजार रुपये आणि एक वजनकाटा

फळवाटप हा आपल्या जिल्ह्यातला एक ठरलेला कार्यक्रम आहे. कुणाचा तरी वाढदिवस येतो, कुठल्या तरी मंडळाचा वर्धापनदिन येतो आणि एखाद्या शाळेत किंवा दवाखान्यात केळी-सफरचंदं वाटली जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: एक केळं, सात हात, अकरा चेहरे आणि खाली कोपऱ्यात त्या केळ्याकडे बघणारं एक मूल. आता यात आपण हसण्यासारखं काही नाही. कारण आपल्या कॉलेजांच्या ‘सोशल अ‍ॅक्टिव्हिटी’सुद्धा बऱ्याचदा याच साच्यातून निघतात. एक दिवस, एक बॅनर, एक ग्रुप फोटो. रिपोर्ट तयार!

फळं वाटू नयेत असं मी म्हणत नाही. केळं पोटात गेलं तर चांगलंच. पण मुलांची तब्येत एका दिवसात बिघडत नाही आणि एका दिवसात सुधारतही नाही. तिला रोज थोडं थोडं लागतं. थोडं अन्न, थोडे पैसे आणि कुणाचं तरी सततचं लक्ष. आपण समाज म्हणून एकदाच मोठं द्यायला तयार असतो, रोजचं थोडं द्यायचा मात्र कंटाळा करतो. आणि सरकारला हे कळलेलं असल्यामुळे तेही अधूनमधून ‘लोकसहभाग’ असा गोड शब्द काढून आपल्या खिशातला खर्च हळूच लोकांच्या खिशात सरकवतं. या दोन्ही गोष्टी मुलांच्या मुळावर येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न तुम्ही विचारणारच, की सिंधुदुर्गात हा विषय आहेच कुठे? कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, नाहीतर नंदुरबार. आपला जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत आपली साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर आणि दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. २०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांच्या गटात सिंधुदुर्ग देशात पहिला आला. (आपल्याला मैदानी ठरवणाऱ्याने करूळचा घाट पाहिला नसावा, पण ते असो.) अशा जिल्ह्यात पोरांच्या तब्येतीची काळजी कशाला?

काळजी अशासाठी, की मुलांची वाढ खुंटणं हे दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. सहा महिने ते पाच वर्षं वयोगटातल्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं, आणि त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ५३.८ होता. म्हणजे मधल्या काळात तो वाढला. दर शंभरात सत्तरच्या आसपास! हे सगळे फक्त मेळघाटातले असू शकत नाहीत, तेवढी मुलं तिथे नाहीतच. ती आपल्याही आजूबाजूला आहेत. फरक इतकाच की ती मरत नाहीत म्हणून बातमीत येत नाहीत. ती शाळेत जातात, खेळतात, फक्त लवकर दमतात, वारंवार आजारी पडतात आणि वर्गात मागे राहतात. आपल्याकडे तर त्यावर उत्तर तयारच असतं. ‘झील बारीक आसा, पण चपळ आसा.’ झालं, विषय संपला. बापूस बारीक, आजोबा बारीक, म्हणून झील बारीक. पण आजोबांना लहानपणी काय खायला मिळालं होतं, हे कुणी विचारत नाही.

आता या बाबतीत काय उपयोगी पडतं ते शोधायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. ते महाराष्ट्रातच शोधून झालेलं आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. तो सगळा भाग दुष्काळी. त्यांनी गावागावातून एकेक बाई निवडली. बऱ्याच जणी निरक्षर होत्या, बऱ्याच जणी दलित होत्या. त्यांना बाळाचं वजन कसं करायचं, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपण स्वच्छ कसं करायचं हे शिकवलं. बरोबर गावात शेतकऱ्यांची आणि महिलांची मंडळं उभी केली. पुढे १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरी गंमत पुरस्कारात नाही. गंमत अशी की ज्या बाईला गावात कुणी पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नव्हतं, तिच्याच हातात लोकांनी आपली बाळं दिली.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये एक प्रयोग केला. बाळ जन्मलं की गावातलीच प्रशिक्षित बाई, तिला त्यांनी ‘आरोग्यदूत’ असं सुंदर नाव दिलं, घरी जाऊन बाळाला तपासायची. वजन करायची, ताप बघायची, ऊब देण्याची पद्धत आईला दाखवायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर शिकवल्याप्रमाणे औषध द्यायची. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या इतर गावांशी तुलना केली तेव्हा, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत हे छापून आलं. आणि खर्च? एका बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास. ते मशिन नव्हतं, बिल्डिंग नव्हती, एक शिकलेली बाई होती आणि तिच्या पिशवीत एक वजनकाटा, एक थर्मामीटर आणि थोडी औषधं होती.

हा प्रयोग पुढे कपाटात पडून राहिला नाही. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्या बाळासाठी सात. २०१८ पासून बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ते पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आणखी पाच भेटी. आपल्या ओरोसच्या आसपासच्या वाड्यांवर पावसात छत्री घेऊन चालणारी जी बाई आपल्याला बसमधून दिसते ना, ती या गडचिरोलीच्या प्रयोगाचंच पुढचं पाऊल आहे. सहा भेटी पूर्ण केल्या की तिला मिळणारा मोबदला ठरलेला होता २५० रुपये. भागा सहाने. एका भेटीचे ४२ रुपयेसुद्धा होत नाहीत.

इथून पैशांचा विषय सुरू होतो. तो जरा नीट बघू, कारण आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला आकडे बघायला आवडतात (निदान पेपरमध्ये तरी बघावेच लागतात).

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आज ती गावोगाव आहे. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी केंद्राने २०१७ साली दर ठरवला तो दिवसाला ८ रुपये, आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. शाळेतल्या पोषण आहारात तांदूळ सोडून बाकी सगळ्यासाठी, म्हणजे डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन या सगळ्यासाठी, मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. आपल्या कँटीनमध्ये या पैशात एक वडा येत नाही.

गावाच्या हातात काय असतं? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं, त्यात प्रत्येक गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची एक समिती करायची ठरलं. या समितीला वर्षाला कमाल १०,००० रुपये बिनशर्त मिळतात. बिनशर्त म्हणजे गावाने आपली गरज बघून खर्च करायचे. १०,००० भागिले ३६५, दिवसाला साधारण २७ रुपये. गावात सहा वर्षांखालची ६० मुलं धरली तर एका मुलामागे रोज ४५ पैसे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत असा नियम आहे. घरपट्टी-पाणीपट्टीचे वर्षाला तीन लाख जमत असतील तर ३०,००० रुपये झाले. ही रक्कम मोठी नाही, पण शून्यही नाही. आता मला सांगा, आपल्यापैकी किती जणांना आपापल्या गावात या पैशाचं गेल्या वर्षी काय झालं हे माहीत आहे? देवळाच्या वर्गणीचा हिशोब मात्र पै-पैसह तोंडपाठ असतो, आणि तो फळ्यावर लिहिलेलाही असतो!

आता अंड्याची गोष्ट ऐका. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, उकडून किंवा पुलाव-बिर्याणीत घालून. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. निर्णय चांगला होता. स्वस्तात चांगलं प्रोटीन, भेसळीची भीती नाही, आणि मुलांना आवडतं. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा आदेश निघाला. त्यात अंड्यासाठी आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठी सरकार वेगळे पैसे देणार नाही, शाळांनी हवं तर लोकसहभागातून ते करावं, असं सांगितलं. म्हणजे सव्वा वर्षाच्या आत अंडं सरकारच्या ताटातून उठलं आणि गावकऱ्यांच्या दारात येऊन बसलं.

यावर काही जण म्हणतील, त्यात काय बिघडलं? आपला कोकणी माणूस दिलदार आहे. गावचे चाकरमानी मुंबईत आहेत, त्यांची मंडळं आहेत, त्यांनी पूर्वी शाळा बांधल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले. एका अंड्याचं काय मोठंसं? चाळीस मुलांची शाळा धरा, अंडं सात रुपयाला धरा, वर्षात पस्तीस आठवडे धरा. ४० गुणिले ७ गुणिले ३५. उत्तर ९,८००. पुन्हा दहा हजारांपाशीच आलो. एवढे तर एका भजनाच्या डबलबारीला सहज जमतात.

जमतात, मान्य. पण कुठे जमतात? ज्या गावाचे चाकरमानी दादर-लालबागला चांगले स्थिरावलेत त्या गावात जमतात. ज्या वाडीतली माणसं काजू-आंब्याच्या बागेत मजुरी करतात, ज्या शाळेत बाहेरून आलेल्या कामगारांची पोरं आहेत, तिथे वर्गणी कोण काढणार? म्हणजे ज्या मुलाला अंड्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. वर्गणीचा हा दोष कुणाच्या दिलदारपणाने भरून निघत नाही, कारण तो पद्धतीतच आहे. दुसरं म्हणजे वर्गणी पहिल्या वर्षी जोरात जमते, दुसऱ्या वर्षी फोन करावे लागतात, तिसऱ्या वर्षी मास्तर स्वतःच्या खिशातून घालतात. गॅदरिंगची वर्गणी काढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला ‘चॅरिटी’ हा शब्द फार प्रेमाने शिकवला गेला आणि त्याबद्दल मला आजही आदर आहे. पण चॅरिटी आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतल्या आणि आठवीपर्यंतच्या शाळेतल्या मुलाला जेवण मोफत मिळणं हा त्याचा हक्क ठरवला आहे. त्या जेवणात पुरेसं प्रोटीन असणं हा त्याच हक्काचा भाग मानायला हवा. हक्काच्या गोष्टीसाठी मुलाने कुणाचे आभार मानायचे नसतात. त्यामुळे अंड्याचे पैसे सरकारनेच दिले पाहिजेत, सगळ्या शाळांना, सारखे, आणि दरवर्षी. यात मला कसलीही तडजोड योग्य वाटत नाही.

मग लोकांनी काहीच करू नये का? उलट! लोकांचं काम यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. सरकार पैसे पाठवू शकतं, धान्य पाठवू शकतं, पण आपल्या वाडीतलं कुठलं बाळ गेले दोन महिने वाढलेलं नाही हे मंत्रालयातून दिसत नाही. ते शेजारणीला दिसतं. कुठली आई पहाटे मच्छी घेऊन बाजाराला जाते आणि बाळ दिवसभर चहा-बिस्किटावर असतं, हे गावातच कळतं. २०१९-२१ च्या त्याच पाहणीनुसार देशात सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ११ जणांना पुरेसा आहार मिळतो. यातल्या सगळ्यांच्या घरी दारिद्र्य नाही. आपल्याकडे बघा, अंगणात नारळ, शेवगा, परसात केळी, घरात कुळीथ-नाचणी, समुद्रावर तारली-पेडवे, आणि बाळाच्या हातात पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा! नाचणीची पेज आणि कुळथाची पिठी हे ‘गरिबाचं खाणं’ म्हणून आपण मागे टाकलं आणि पुडा हा मायेचा पुरावा झाला. हे बदलायला सरकारी आदेश चालत नाही. तिथे शेजारीण लागते, आजी लागते, महिला मंडळ लागतं. जामखेडने हेच दाखवलं.

महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावरही एकदा करून दाखवलंय. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातल्या बालमृत्यूंचा प्रश्न सगळ्यांपुढे आणला. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झालं. त्यात नवीन इमारती किंवा मोठी खरेदी हा मुद्दा नव्हताच. मुलांची वजनं खरी नोंदवा, लपवू नका, आणि गर्भारपणापासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर लक्ष द्या, हा भर होता. २००५-०६ मध्ये दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं बुटकी होती, २०१२ च्या पाहणीत ते प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आलं. पुढे हा वेग टिकला नाही, हेही खरं. पण सात वर्षांत एवढा फरक पडू शकतो हे एकदा सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे काही होणार नाही’ हे वाक्य बाद.

मोठ्या हॉस्पिटलचं काय, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. बाळ गंभीर झालं तर वजनकाटा काय करणार? आपल्या जिल्ह्याने हे चांगलंच भोगलंय. वर्षानुवर्षं अवघड केस म्हटली की गाडी थेट गोव्याला, बांबोळीला. ओरोसपासून नव्वदेक किलोमीटर. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्यासाठी बांबोळी हाच तालुक्याचा दवाखाना होता. त्यानंतर २०२१-२२ मध्ये इथे ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ही मोठी गोष्ट आहे आणि ते पूर्ण क्षमतेने चाललंच पाहिजे. पण एक ध्यानात घ्या, दवाखाना हा धरणाच्या शेवटच्या दरवाजासारखा असतो. पाणी तिथवर पोचायच्या आधी खूप काही करता येतं. ज्या बाळाचं घसरणारं वजन दोन महिने आधी दिसलं, त्याच्यावर गावातल्या बालविकास केंद्रात उपचार होतो. ज्याचं दिसलं नाही, त्याच्यासाठी अ‍ॅम्ब्युलन्स लागते.

आणि म्हणून मी वजनकाट्यावर येते. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामासाठी जवळच्या एका वाडीतल्या अंगणवाडीत जाणं झालं. तिथे आढ्याला टांगलेला स्प्रिंगचा काटा होता. रिकामा असतानाच तो शून्याच्या पुढे उभा होता. सेविकाताई म्हणाल्या, “मी तेवढे वजा करतंय.” किती वजा करायचे हे त्या अंदाजाने ठरवत होत्या. आपण पहिल्या सेमिस्टरला व्हर्नियर हातात घेतल्यावर सरांनी पहिलं वाक्य काय सांगितलं होतं? झीरो एरर बघा! दीड वर्षाचं मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं. काट्याचा लीस्ट काउंट १०० ग्रॅम आणि अंदाजाची चूक आणखी १०० ग्रॅम असेल, तर त्या मुलाची महिन्याची अख्खी वाढ किंवा अख्खी घसरण त्या चुकीत गडप होते. मग पुढचं सगळंच चुकतं. आलेख चुकतो, यादी चुकते, तालुक्याचा अहवाल चुकतो, आणि मुंबईत बसून कुणीतरी त्या अहवालावर निर्णय घेतो. मोजमाप चुकलं की डिझाइन कितीही चांगलं असो, स्ट्रक्चर पडतंच. हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

सरकारने नवी साधनं दिली नाहीत असं नाही. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं, त्यात काटे, उंची मोजायची साधनं आणि मोबाइल देण्याची तरतूद होती. पण साधन देणं आणि साधन चालू ठेवणं यात फरक असतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी मिळालेले मोबाइल सरकारला परत केले होते. फोन तापायचे, बंद पडायचे आणि त्यातलं अ‍ॅप इंग्रजीत! पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांनी मानधनासाठी पन्नासच्या वर दिवस संप केला. जिच्या हातात आपण पुढच्या पिढीचा आलेख देतो, तिला फोनसाठी आणि पगारासाठी आंदोलन करावं लागतं, आणि आपण तिच्या अंगणवाडीत केळी वाटून येतो.

तर मित्रांनो, आता आपल्याविषयी. आपण डॉक्टर नाही, आणि डॉक्टर असल्याचा आव आणूही नये. सेविकेचं रजिस्टर तपासायला जाणं हेही आपलं काम नाही, तिच्या डोक्यावर आधीच पुरेसे साहेब आहेत. पण चार कामं अशी आहेत जी आपल्यालाच चांगली जमतील.

पहिलं, काटे. मेकॅनिकलच्या लॅबमधली प्रमाणित वजनं घेऊन कॉलेजच्या जवळच्या अंगणवाड्यांत तीन महिन्यांनी एकदा जायचं. पाच किलो आणि दहा किलोला काटा काय दाखवतो ते बघायचं, वहीत तारखेसह लिहायचं, दुरुस्त होत असेल तर करायचा, नसेल तर सेविकाताईंच्या नावाने मागणीचा अर्ज तयार करून द्यायचा.

दुसरं, साकव. पावसाळ्यात साकवावरून पाणी गेलं की पलीकडच्या वाडीतली मुलं अंगणवाडीला येत नाहीत आणि आशाताई पलीकडे जाऊ शकत नाहीत. लसीकरणाचा दिवस तसाच जातो. सिव्हिलच्या मुलांनी सर्व्हे करून नकाशा आणि अंदाजपत्रक बनवलं तर ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी देता येईल. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल ग्राउंडवरच्या त्याच त्याच चार खांबांवर करण्यापेक्षा हे बरं नाही का?

तिसरं, स्वयंपाकघर. धुराच्या चुलीपाशी वाढणाऱ्या बाळाच्या छातीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने गोबरगॅसचं काम गावोगाव नेलं. बंद पडलेली संयंत्रं बघणं, गळती शोधणं, दुरुस्तीचा खर्च काढणं हे आपल्या अभ्यासक्रमातलंच आहे.

चौथं, हिशोब. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. सुटीत घरी गेलात की आपापल्या गावच्या सभेत बसा आणि दोनच प्रश्न विचारा. आरोग्य समितीचे दहा हजार कशावर खर्च झाले? महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचं काय केलं? भांडू नका, शांतपणे विचारा. उत्तर मिळालं तर देवळाच्या वर्गणीसारखं तेही फळ्यावर लिहायची विनंती करा. आणि त्याच सभेत, शाळेच्या अंड्याचे पैसे सरकारने द्यावेत असा ठराव मांडा. एका गावाच्या ठरावाने काही होत नाही, पण तालुक्यातल्या पन्नास गावांच्या ठरावांकडे दुर्लक्ष करणं कुठल्याही पुढाऱ्याला अवघड जातं.

‘सबमिशन, ओरल, केटी यातून वेळ कुठाय?’ असं म्हणाल. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यायचेच असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. या तासांत दरवर्षी नवीन गाव, नवीन बॅनर असं न करता तीच पाच-सहा अंगणवाड्या सलग पाच वर्षं धरून ठेवायच्या, एवढीच माझी मागणी आहे. आपण पास होऊन जाऊ, ज्युनिअर येतील, वही तीच राहील. वाढीचा आलेख हा स्लोपवरून वाचतात, एका पॉइंटवरून नाही. आपल्या समाजसेवेलाही हाच नियम लावायला हरकत नाही.

पैशांचंही सांगते, म्हणजे कुणी म्हणायला नको की नुसतंच बोलते. हॉस्टेलमध्ये दोनशे जण धरले आणि प्रत्येकाने महिन्याला दहा रुपये दिले तर दहा महिन्यांत २०,००० होतात. हे पैसे अंड्यांसाठी नकोत, ते सरकारकडूनच घ्यायचे. हे काट्याच्या दुरुस्तीला, दंडाचा घेर मोजायच्या टेपना, सेविकाताईंच्या तालुक्याला जायच्या भाड्याला, अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याला. ज्या खर्चाला सरकारी हेड नसतो आणि ज्याच्यावाचून सगळं अडतं, अशा खर्चाला. हिशोब दर महिन्याला मेसच्या नोटीस बोर्डवर, मेनूच्या शेजारी लावायचा.

पुढच्या महिन्यात विद्यार्थी मंडळाची बैठक आहे. तिथे गॅदरिंगच्या बजेटबरोबर हा विषयही घ्यावा असा अर्ज मी दिलेला आहे. स्टाफपैकी कुणी मार्गदर्शन करायला तयार असतील तर आम्हाला हवेच आहेत, विशेषतः मेजरमेंट शिकवणारे सर. विरोध करायचा असेल त्यांनीही जरूर यावं, पण येताना आपल्या गावच्या दहा हजारांचं काय झालं ते विचारून यावं.